कथा कोण सांगत आहे?

विद्यार्थी मित्रांनो, एखादी कथा वाचून झाली की वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो: या कथेचे तात्पर्य काय? लगेच पाच-सहा हात वर होतात. 'प्रामाणिकपणाचे फळ गोड असते', 'आळसाने नुकसान होते', 'वडीलधाऱ्यांचे ऐकावे' अशी उत्तरे येतात. शिक्षक समाधानाने मान डोलावतात आणि सारा वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो.

तात्पर्य विचारणे वाईट नाही. पण माझे मत असे आहे की, त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. ही कथा आपल्याला कोण सांगत आहे? ज्याला हा प्रश्न पडत नाही, तो सांगणारा दाखवील तेवढेच पाहतो आणि तेवढ्यावरच तात्पर्य काढून मोकळा होतो.

कथा सांगणाऱ्याला मराठीत 'निवेदक' म्हणतात आणि त्याच्या सांगण्याला 'निवेदन' म्हणतात. उर्दूत तुम्ही यालाच 'रावी' म्हणता. निवेदक आणि लेखक यांच्यात मात्र गल्लत करू नका. लेखक हा कथा लिहिणारा माणूस. निवेदक हा त्या कथेतून ऐकू येणारा आवाज. तो आवाज कोणाचा असावा, त्याला किती माहिती असावी आणि त्याने काय लपवावे, हे सारे लेखक ठरवतो.

तुम्हा सर्वांना ठाऊक असलेली एक कथा घेऊ. प्रेमचंदांची 'ईदगाह' तुम्ही वाचली किंवा ऐकली असेल. चार-पाच वर्षांचा हमीद आपल्या आजीजवळ, अमीनाजवळ राहतो. ईदच्या दिवशी गावातील मुले शहरातल्या ईदगाहकडे निघतात. हमीदजवळ फक्त तीन पैसे आहेत. नमाजानंतर जत्रेत मोहसिन मातीचा भिश्ती घेतो, महमूद शिपाई घेतो, नूरे वकील घेतो. मुले मिठाई खातात. हमीद मात्र आपल्या तीन पैशांचा लोखंडी चिमटा विकत घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना आजीची बोटे भाजतात.

ही कथा हमीद सांगत नाही आणि अमीनाही सांगत नाही. कथेत कुठेच न दिसणारा एक निवेदक ती सांगतो. तो मुलांबरोबर जत्रेत हिंडतो आणि त्याच वेळी घरी एकट्या राहिलेल्या अमीनाच्या मनातली काळजीही त्याला कळते. सर्वांच्या मनात शिरू शकणाऱ्या अशा निवेदकाला 'सर्वज्ञ निवेदक' म्हणतात.

आता कल्पना करा की, हीच कथा हमीद स्वतः 'मी' म्हणून सांगत आहे. काय होईल? हमीदला आपले आईवडील वारले आहेत हे माहीत नाही. अब्बाजान पैसे कमवायला गेले आहेत आणि अम्मीजान अल्लामियांच्या घरून आपल्यासाठी छान छान वस्तू आणायला गेली आहे, असे त्याला सांगितलेले आहे. तो तेच आपल्याला सांगेल, आणि आनंदाने सांगेल. त्याच्या आनंदामागचे दुःख आपल्याला आपणच ओळखावे लागेल. शेवटी चिमटा पाहून आजी आधी रागावते आणि मग रडू लागते. ती का रडते हे हमीदला कळत नाही. मग तो आपल्याला ते कसे सांगणार?

समजा, अमीना ही कथा सांगत आहे. तर आपल्याला ईदगाहही दिसणार नाही आणि जत्राही दिसणार नाही. दिसेल ते एक रिकामे घर, दिवसभराची वाट पाहणे आणि संध्याकाळी दारात उभा राहिलेला नातू. मिठाईच्या दुकानासमोर त्या पोराने मन कसे आवरले, हे तिला कोण सांगणार?

आणि मोहसिनने सांगितली तर? मोहसिन हमीदला रेवडी देतो असे भासवतो आणि हमीदने हात पुढे करताच ती स्वतःच्या तोंडात टाकतो. मोहसिनच्या निवेदनात हा प्रसंग कदाचित एका वाक्यात उरकला जाईल: 'आम्ही हमीदची थोडी गंमत केली.' ज्याने गंमत केली त्याला ती गंमतच वाटते. ज्याचा हात रिकामा राहिला, त्याला विचारले तर वेगळे उत्तर मिळते.

पैसे तेच तीन, चिमटा तोच, जत्राही तीच. सांगणारा बदलला की कथा बदलते. म्हणून कोणत्याही कथेचे तात्पर्य सांगण्याआधी ती कोणाच्या डोळ्यांनी पाहिली आहे, हे तपासायला हवे.

हे तपासायचे कसे? यासाठी व्याकरण आपल्या मदतीला येते. उर्दू व्याकरणात तुम्ही मुतकल्लिम, हाजिर आणि गायब शिकता. मराठीत त्यांनाच प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष आणि तृतीय पुरुष म्हणतात. जी कथा 'मी' सांगतो, तिचे निवेदन प्रथमपुरुषी. जी कथा 'तो', 'ती', 'ते' अशा शब्दांत सांगितली जाते, तिचे निवेदन तृतीयपुरुषी. परीक्षेसाठी एवढे पुरेसे आहे. वाचनासाठी मात्र आणखी काही खुणा ओळखता आल्या पाहिजेत.

मराठी भाषेत या खुणा अगदी छोट्या शब्दांत दडलेल्या असतात. 'मी शाळेत गेलो' असे वाक्य आले की निवेदक पुरुष आहे हे कळते. 'मी शाळेत गेले' असे आले की निवेदक स्त्री आहे हे कळते. उर्दूतही 'गया' आणि 'गई' यांमुळे असेच कळते.

दुसरी खूण पाहा. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. 'आपण जाऊ' असे म्हणताना त्याला सोबत घेतो. निवेदक 'आम्ही' म्हणाला की मनात विचारा: या 'आम्ही'मध्ये कोण आहे आणि कोण बाहेर राहिले आहे? मोहसिनच्या 'आम्ही हमीदची गंमत केली' या वाक्यातील 'आम्ही'त हमीद नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

तिसरी खूण सर्वांत उपयोगाची आहे. ही तीन वाक्ये वाचा: 'तो रागावला होता.' 'तो रागावला असावा.' 'तो रागावला होता म्हणे.' पहिल्या वाक्यात निवेदक खात्रीने बोलतो. दुसऱ्यात तो अंदाज करतो. तिसऱ्यात तो दुसऱ्याकडून ऐकलेले सांगतो. प्रथमपुरुषी कथेतील 'मी' जेव्हा दुसऱ्याच्या मनाविषयी 'असावा' न म्हणता 'होता' म्हणतो, तेव्हा थोडे थांबा. याला हे कसे कळले? याने पाहिले, ऐकले की केवळ गृहीत धरले?

प्रेमचंदांचीच दुसरी एक कथा आहे, 'बडे भाईसाहब'. ती धाकटा भाऊ सांगतो. थोरला भाऊ त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पण फक्त तीन इयत्ता पुढे आहे. तो रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसतो, धाकट्याला खेळण्यावरून रागावतो, लांबलचक उपदेश करतो. परीक्षेत मात्र तो स्वतः नापास होतो आणि खेळणारा धाकटा पहिला येतो. धाकटा हे सारे गमतीने सांगतो आणि आपणही हसतो. पण जरा विचार करा. लहान भाऊ एकेक इयत्ता चढून जवळ येत आहे, हे पाहताना त्या थोरल्याला काय वाटत असेल? धाकट्याला भावाची दया येते. पण भावाच्या मनाच्या आत तो जाऊ शकत नाही. शेवटी एक कापलेला पतंग वरून जातो. उंच असलेला थोरला भाऊ उडी मारून त्याची दोरी पकडतो आणि वसतिगृहाकडे धावत सुटतो. एवढे उपदेश करणाऱ्या त्या मुलालाही खेळायचे होते, हे त्या धावण्यातून आपल्याला कळते. निवेदकाच्या मर्यादेतून वाट काढून लेखक आपल्यापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता मराठीकडे वळू. हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी लिहिली. १८९० नंतरच्या काळात ती 'करमणूक' या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. ती सांगणारी आहे यमू नावाची मुलगी. लहानपणी झालेले लग्न, सासर, नंतर आलेले वैधव्य आणि त्यानंतरचा छळ, हे सारे ती 'मी' म्हणून सांगते. लिहिणारा पुरुष आणि सांगणारी स्त्री! आपटे यांनी त्या काळच्या स्त्रियांच्या दुःखावर लांब लेखही लिहिता आला असता. पण त्यांनी यमूला बोलू दिले. वाचकाला उपदेश ऐकावा लागत नाही. एका मुलीची हकिकत ऐकावी लागते. त्यामुळे ती अधिक जिव्हारी लागते. ही कादंबरी वाचून कोणी 'लेखक म्हणतो की माझे लग्न लहानपणी झाले' असे लिहिले तर ते किती विचित्र होईल! म्हणून उत्तरपत्रिकेत 'लेखक म्हणतो' असे लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करा. अनेकदा ते 'निवेदक म्हणतो' असे असायला हवे.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी ते लिहिले. त्यात मोठा झालेला श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. इथे श्याम दोन आहेत. एक लहान श्याम, ज्याच्या आयुष्यात ते प्रसंग घडले. दुसरा मोठा श्याम, जो ते आठवून सांगतो. पोहायला जाण्याच्या भीतीने लहान श्याम लपून बसतो. आई त्याला मारते आणि पोहायला पाठवते. त्या क्षणी लहान श्यामला आई कठोर वाटते. मोठ्या श्यामला त्या माराच्या आत असलेली माया दिसते. दोघेही खोटे बोलत नाहीत. मधे वर्षे गेली आहेत, एवढाच फरक आहे. आत्मकथन वाचताना हे दोन आवाज वेगळे ऐकायला शिका.

आता मला तुमच्यासमोर एक अवघड प्रश्न ठेवायचा आहे. डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस' ही कादंबरी १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. त्यात दिल्लीतील दोन बहिणी आहेत. थोरली अकबरी, धाकटी असगरी. अकबरी आजीच्या लाडाने बिघडलेली, हट्टी, भांडखोर. एक ठग बाई तिला फसवून तिचे दागिने लांबवते. असगरी शहाणी, शिकलेली, घर सावरणारी. ती मुलींना शिकवतेही. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना सांगितले गेले: असगरीसारख्या व्हा, अकबरीसारख्या होऊ नका. तात्पर्य अगदी स्पष्ट आहे.

पण ही कथा कोण सांगतो? निवेदक पहिल्यापासून असगरीच्या बाजूला उभा आहे. अकबरीचे बोलणे आपण ऐकतो, पण तिच्या बाजूने सांगणारे त्या कथेत कोणीच नाही. तिला कोणी विचारले असते तर ती काय म्हणाली असती? आजीने लाड केले आणि काही शिकवले नाही, यात दोष कोणाचा? लग्न होऊन एका नव्या घरात आल्यावर ती घाबरली असेल का? त्या ठग बाईने तिच्याशी गोड बोलून तिला जिंकले, ते त्या घरात तिच्याशी गोड बोलणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून का? पुस्तकात या प्रश्नांची उत्तरे शोधू नका. ते प्रश्न आपले आहेत.

नजीर अहमद यांनी ते पुस्तक आपल्या मुलींना चांगले वळण लागावे म्हणून लिहिले होते. त्यांचा हेतू प्रामाणिक होता आणि मुलींनी शिकावे असे सांगणारे ते पुस्तक त्या काळात मोठे काम करून गेले. तरीही अकबरीचे म्हणणे ऐकायचे राहून गेले, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येणे, यालाच मी चांगले वाचन म्हणतो.

कोणी म्हणेल, अशी चिरफाड केली तर कथेची गोडी निघून जाईल. मला तसे वाटत नाही. हमीदला जे कळत नाही ते आपल्याला कळते, म्हणून तर 'ईदगाह'चा शेवट वाचताना डोळे भरून येतात. निवेदकाने हे कसे साधले, हे समजल्यावर ती कथा पुन्हा वाचून पाहा. डोळे पुन्हा भरून येतात की नाही, ते तुम्हीच सांगा.

दुसरा कोणी म्हणेल, मग कोणावरच विश्वास ठेवायचा नाही का? तसेही नाही. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरील माणसाला रस्त्यावरच्या लोकांचे चेहरे दिसतात. चौथ्या मजल्यावरील माणसाला गर्दी कुठून कुठे चालली आहे ते दिसते. दोघेही खरे सांगतात, पण दोघांच्या सांगण्यात काहीतरी राहून जाते. निवेदक खोटा आहे असे समजून वाचू नका; तो कुठे उभा आहे ते विचारून वाचा.

मित्रांनो, ही सवय फक्त पुस्तकासाठी नाही. मधल्या सुट्टीत दोन मुलांचे भांडण होते. जो आधी धावत शिक्षकांकडे जातो, त्याची कथा आधी ऐकली जाते. दुसरा मागून येतो तेव्हा तो गुन्हेगार ठरलेला असतो. मोहल्ल्यात एखादी बातमी पसरते. पहिला 'असे झाले असावे' म्हणतो, दुसरा 'असे झाले म्हणे' म्हणतो आणि तिसरा 'असे झाले' म्हणतो. तीन घरे ओलांडताना अंदाजाची बातमी होते. आता तर मोबाईलवर आलेला निरोप एका क्षणात शेकडो लोकांना पाठवता येतो आणि तो पहिल्यांदा कोणी लिहिला हे कोणालाच माहीत नसते. ज्या निवेदनाला निवेदकच नाही, त्याच्यावर माणसे एकमेकांशी वैर धरतात. अशा वेळी ज्याने कथा वाचताना 'हे कोण सांगत आहे?' असे विचारण्याची सवय लावून घेतली आहे, तो थांबतो. तो निरोप पुढे पाठवत नाही. आधी दुसरी बाजू ऐकतो. एवढ्याने एखाद्याची अब्रू वाचू शकते, कधी कधी जीवही वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट. जे आपली कथा स्वतः सांगत नाहीत, त्यांची कथा दुसरे सांगतात. महाराष्ट्रात गावकुसाबाहेरच्या माणसांविषयी फार काळ दुसऱ्यांनीच लिहिले. १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार हा आपली हकिकत सांगतो. हा दगडू म्हणजे स्वतः लेखकच. ज्यांच्याविषयी आजवर 'ते' असे म्हटले जात होते, त्यांच्यातील एकजण 'मी' म्हणून बोलू लागला आणि मराठी वाचकाला आपलेच गाव वेगळे दिसले. गाव तेच होते. निवेदक बदलला होता.

तुमच्या घराविषयी, तुमच्या मोहल्ल्याविषयी, तुमच्या शाळेविषयीही दुसरे लोक काहीबाही सांगत असतील. त्यातले काही खरे असेल, काही ऐकीव असेल. तुम्ही उर्दू जाणता आणि आता मराठीही शिकत आहात. म्हणजे तुमची हकिकत तुमच्या शेजाऱ्याला त्याच्याच भाषेत सांगण्याची सोय तुमच्याजवळ आहे. तिचा उपयोग करा. सांगताना मात्र तुमच्या कथेतही एखादी अकबरी असेल, एखादा रिकाम्या हाताचा हमीद असेल, याचा विसर पडू देऊ नका.

आज घरी गेल्यावर एक काम करा. या पुस्तकातील तुम्हाला आवडलेली कोणतीही कथा निवडा. त्या कथेत जो सर्वांत कमी बोलतो, त्याला निवेदक करा आणि तीच कथा दहा-बारा ओळींत 'मी' म्हणून लिहा. उद्या ती वर्गात वाचून दाखवा. तात्पर्य काय, हा प्रश्न त्यानंतर विचारू.